पोळं कोणी काढायचं?



कळंबोली, रोडपाली, खिडुकपाडा, नावडे आणि आजूबाजूच्या वाड्यांवर आमच्या बचत गटांच्या बैठका होतात. गणपती उठले, पाऊस ओसरू लागला की दर वर्षी एखाद्या बैठकीत हप्ते, व्याज सगळं बाजूला राहतं आणि कुणीतरी विचारतं, "ताई, आमच्या पडवीला गांधीलमाशीचं पोळं लागलंय. केवढं झालंय, हंड्याएवढं! काय करू?"

मग दहा जणी दहा उत्तरं देतात. एक म्हणते, काठीला चिंधी बांधून पेटव. दुसरी म्हणते, फवारा मार. तिसरी म्हणते, वाडीवरच्या भाऊला बोलाव, शंभर-दोनशे रुपये घेतो आणि काढून देतो. एखादी म्हातारी म्हणते, राहू दे गं, आपोआप जातील. यातलं एकही उत्तर आज सुचलेलं नाही. प्रत्येकामागे मोठा इतिहास आहे, आणि तो समजून घेतला नाही तर माणूस जिवाला मुकतो. म्हणून आज आम्ही पोळं काढण्याचा इतिहास सांगणार आहोत. पुस्तकांत राजांचा इतिहास असतो, पोळं काढणाऱ्याचा कुणी लिहीत नाही.

आधी एक ओळख करून घेऊ, कारण घोटाळा इथूनच सुरू होतो. आपण सगळ्यांनाच माशी म्हणतो. मधमाशी वेगळी, गांधीलमाशी वेगळी. मधमाश्यांत आपल्याकडे आग्या, सातेरी, फुलोरी आणि ती इवलीशी पोया. आग्या उंच कड्याला, झाडाच्या जाड फांदीला किंवा इमारतीच्या सज्जाला एकच मोठा पोळा लावते, उघडा, अर्ध्या चंद्रासारखा. सातेरी ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, जुन्या पेटीत राहते. गांधीलमाशी मेण बनवत नाही. ती सुकं लाकूड, कुंपणाची काठी, जुनं दार दातांनी खरवडते, लाळेत कालवते आणि त्याचा कागद करते. त्या कागदाचं घर, राखाडी-तपकिरी, पट्टे पट्टे असलेलं. आत मध नाही. हे आम्ही पुन्हा सांगतो, कारण मधाच्या आशेने गांधीलमाशीचं पोळं पाडायला गेलेली पोरं आम्ही पाहिली आहेत. आत अळ्या असतात, बस्स.

या कागदावरून एक गंमत. तीनशे वर्षांपूर्वी युरोपात कागद चिंध्यांपासून व्हायचा. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला कागद करणारी घराणी होती. फ्रान्समध्ये रेओम्युर नावाच्या विद्वानाने १७१९ साली तिथल्या विज्ञान अकादमीला सांगितलं, की ही माशी लाकडाचा कागद करते, मग माणसाला का येऊ नये? लाकडाच्या लगद्याचा कागद बाजारात यायला पुढे शंभरावर वर्षं गेली. आज आपल्या बचत गटाची वही ज्या कागदाची असते, तो कागद या माशीला आपल्या आधी येत होता.

आणि मातीचं घर करणारी ती कुंभारीण माशी? खिडकीच्या कोपऱ्यात, देव्हाऱ्यामागे मातीचं छोटं मडकं लावते ती. तिला झाडूने झोडपायची काहीच गरज नाही. ती एकटी राहते, घराची राखण करत नाही, मुद्दाम दाबल्याशिवाय डसत नाही. कीर्तनात आपण भृंगी आणि कीटकाचा दृष्टान्त ऐकतो. माशी अळीला घरट्यात कोंडते, तिच्याभोवती गुणगुणते आणि अळी माशीच होऊन जाते, असा तो दृष्टान्त. भक्तीसाठी तो सुंदर आहे, पण घरट्यात घडतं ते वेगळं. माशी अळीला डसून बधिर करते आणि आपल्या पिल्लाची शिदोरी म्हणून आत ठेवते. भाजीवरच्या, भातावरच्या अळ्या अशाच संपतात. गांधीलमाशीसुद्धा किडे-अळ्या मारून पोरांना भरवते. म्हणजे परसातल्या वांग्या-भेंडीची राखण ती फुकटात करते. एरवी कुणी काही फुकट करत नाही!

डसणाऱ्या सगळ्या माद्या असतात, हेही लक्षात ठेवा. नराला नांगी नसते. बैठकीत हे सांगितलं की हशा पिकतो.

आपल्या जुन्या वैद्यांनी या जिवांकडे बारकाईने पाहिलं होतं. सुश्रुत संहितेच्या कल्पस्थानात किड्यांच्या विषाचा वेगळा अध्याय आहे आणि त्यात डसणाऱ्या माश्यांचे सहा प्रकार नावानिशी दिले आहेत. त्याच ग्रंथात मधाचे आठ प्रकार आहेत, कोणत्या माशीचा मध कसा, याप्रमाणे. म्हणजे वेगवेगळ्या माश्या ओळखायला तेव्हाही लोक शिकले होते. आपण मात्र आज सगळ्यांना एकच काठी लावतो.

आता पोळं काढणाऱ्यांकडे येऊ. जंगलातला मध काढणं हे आपल्या भागात कातकरी आणि ठाकर लोकांचं काम. खैराच्या लाकडापासून कात काढत म्हणून त्यांना कातकरी म्हणतात. कर्नाळ्याच्या पायथ्याला, माथेरान-प्रबळगडाच्या उतारावर त्यांच्या वाड्या आजही आहेत. कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका लांबून दिसतो ना, त्यावर आग्याची पोळी लटकलेली असतात. खालून मोठ्याने ओरडलं, धूर केला, भडक अत्तर लावून गेलं की माश्या उठतात. गड चढायला गेलेल्यांना माश्यांनी फोडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात.

मध काढणाऱ्याचं तंत्र बघा. तो अंधाऱ्या रात्री जातो, शक्यतो अमावास्येच्या आसपास. कारण आग्या चांदण्यात उडू शकते. हिरवा पाला आणि सुकं गवत मिळून जुडी बांधतो. ज्वाळा नको असतात, धूर हवा असतो. जुडी पोळ्यावर हळूच फिरवली की ठिणग्या खाली गळतात आणि अंधारात माश्या त्या ठिणग्यांच्या मागे खाली जातात. वर पोळं मोकळं होतं. धुराचा दुसरा उपयोग असा, की मधमाशीला वाटतं रानाला आग लागली, घर सोडावं लागणार. ती पोट भरून मध पिते. मग ती जड होते, डसायला वाकत नाही. शिवाय एक माशी डसली की ती एक वास सोडते, त्याच्यावर बाकीच्या धावून येतात. धुरात तो वास दबून जातो. शाळा न शिकलेल्या माणसाने बापाकडून, आज्याकडून घेतलेलं हे शास्त्र.

पण या शास्त्रावर बंदी आली. १८७८ साली इंग्रजांनी जंगलाचा कायदा केला आणि रानं सरकारी झाली. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'वनोपज' म्हणजे काय याची यादी आहे, त्यात जंगलातला मध आणि मेण सरळ लिहिलेलं आहे. म्हणजे ज्याने पिढ्यान्‌पिढ्या मध काढला, त्याने परवानगीशिवाय पोळ्याला हात लावला तर तो गुन्हेगार. लाकूड, गवत, सगळ्यालाच तोच नियम. त्या रागातून ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. आपल्या जवळचा म्हणजे चिरनेरचा, २५ सप्टेंबर १९३०. अक्कादेवीच्या टेकडीवर आगरी, कातकरी सगळे जमले होते आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी यांचं नाव आहे. चिरनेरला दर वर्षी त्यांना मानवंदना देतात, पण त्यांच्या समाजाचं जंगलावर पोट होतं, हे भाषणांत क्वचित येतं. मध काढण्याचा हक्क कायद्याने परत मिळाला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. त्यात गौण वनोपजात मधाचं नाव आहे. मधे सव्वाशेवर वर्षं गेली. एवढ्या काळात किती बापांनी पोरांना ही विद्या दिली नसेल, कोण मोजणार?

आता कळंबोलीत येऊ. सिडको स्थापन झाली १७ मार्च १९७० ला आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. आपली भाताची खाचरं, मिठागरं, आंब्या-चिंचेची झाडं त्यात गेली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला दास्तान फाटा आणि जासई भागात पाच शेतकरी हुतात्मा झाले. मग साडेबारा टक्के आले, लोखंडाचा बाजार मुंबईतून इथे आला, पुण्याचा एक्स्प्रेस वे इथूनच सुरू झाला. २०१६ च्या १ ऑक्टोबरला पनवेल महानगरपालिका झाली आणि कळंबोली शहरात मोजली जाऊ लागली.

माशांना हे कुणी कळवलं नाही. चिंच तुटली, तर आग्याने सातव्या मजल्याचा सज्जा धरला. गांधीलमाशीने पत्र्याचा आडोसा, पाण्याच्या टाकीखालची पोकळी, बंद पडलेल्या एसीची खोकी, मीटरची पेटी धरली. झाडावरचं पोळं दुरून दिसत होतं, वाट बदलता येत होती. आता पोळ्याखालून रोज तीनशे माणसं जातात-येतात. त्याच वेळी पोळं ओळखणारी माणसं मात्र आपण वाडीवर ढकलली.

इथे आमच्या मते सगळ्यात मोठी चूक झाली. मधाच्या पोळ्याची युक्ती आपण गांधीलमाशीला लावली. धूर आणि आग. पण गांधीलमाशीच्या घरात मधच नाही, ती काय पिऊन सुस्त होणार? धुराने ती चवताळते. मधमाशीची नांगी काटेरी, एकदा डसली की नांगी तिथेच राहते आणि ती मरते. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत, एकच माशी चार-पाच वेळा डसते आणि उडून जाते. आणि तिचं घर म्हणजे कागद. रॉकेलची चिंधी लावली की भडका उडतो, पेटते तुकडे वाऱ्यावर जातात. रेशनचं रॉकेल मिळेनासं झालं तसे लोक पेट्रोल वापरू लागले, म्हणजे आगीत तेल. कौलारू घराला, गवताच्या गंजीला, गॅसच्या सिलिंडरला पोळ्यापेक्षा या आगीचाच धोका जास्त. शिवाय जळत्या पोळ्यातून सुटलेल्या माश्या त्याच रात्री शेजारच्या घरातल्या दिव्यावर जातात. पोळं एकीचं, सूज दुसरीला.

मग आलं औषध. १९५३ साली देशात मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि घराघरांच्या भिंतींवर डीडीटी मारायला पथकं येऊ लागली. म्हाताऱ्या बायकांना त्या पंपवाल्यांची आठवण आहे. आपल्या शेजारच्या रसायनीत हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीचा कारखाना निघाला, तिथे डीडीटी तयार व्हायचं. मलेरिया खूप घटला, हे नाकबूल करून चालणार नाही. पण त्या पंपाबरोबर एक विचारही घरात शिरला, की किडा दिसला की फवारा. शेतीच्या दुकानातून आणलेलं औषध घरात मारणं सोपं झालं. डायक्लोरव्हॉस नावाचं औषध, ज्याला लोक नुवान म्हणून ओळखतात, ते कित्येक घरांत झुरळासाठी, ढेकणांसाठी आणि पोळ्यांसाठी वापरलं गेलं. माणसाच्या मज्जासंस्थेला घातक म्हणून सरकारने त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी घातली. जुनी बाटली अजून कुणाच्या फडताळात असेल, तर ती मुलांच्या हाताला लागू देऊ नका. पोळ्यावर तर मुळीच मारू नका. वर तोंड करून फवारलं की थेंब आपल्याच डोळ्यांत येतात. मधमाश्यांच्या पोळ्यावर मारलं आणि नंतर कुणी तो मध काढून खाल्ला, तर ते विषच पोटात जातं.

माश्या चिडल्या की काय होतं, याची दोन जुनी उदाहरणं. जबलपूरजवळ नर्मदेवर भेडाघाटचे संगमरवरी कडे आहेत. इंग्रजांच्या काळात तिथे रेल्वेसाठी मोजणी करायला आलेल्या इंजिनिअरांवर धुरामुळे आग्या उठली. त्यातल्या एकाने जीव वाचवायला नदीत उडी घेतली, माश्या डोक्यावर घोंगावत राहिल्या आणि तो बुडून गेला. विहिरीत उडी मारायचा सल्ला देणाऱ्यांनी हे ऐकावं. दुसरं उदाहरण १९१४ सालचं. पहिल्या महायुद्धात आफ्रिकेतल्या तांगा गावी इंग्रजांच्या बाजूने आपली हिंदी पलटणं उतरली होती. लढाईत गोळ्या झाडांवरच्या मधपेट्यांना लागल्या, माश्या उठल्या आणि बंदुका टाकून शिपाई पळाले. लढाई हरली ती अनेक कारणांनी, पण इंग्रजी पुस्तकांत तिला आजही माश्यांची लढाई म्हणतात.

डसल्यावर काय, याचाही इतिहास मोठा आहे. चुना लावा, कांदा चोळा, तुळशीची माती लावा, लोखंड फिरवा. लोखंडाबद्दल आम्ही एवढंच म्हणू, की आमच्या दारात आशियातला मोठा समजला जाणारा लोखंडाचा बाजार आहे, लोखंडाने विष उतरत असतं तर कळंबोलीत कुणाला सूजच आली नसती! थंड पाण्याची पट्टी, बर्फ, साबणाने धुणं, एवढं पुरे. मधमाशी डसली असेल तर नांगी नखाने, कार्डाने, जसं जमेल तसं पण लगेच काढायची. गांधीलमाशीची नांगी राहत नाही, शोधत बसू नका.

पण काही माणसांना एकाच दंशाने मरण येतं. हे कसं, हे जगाला कळायला १९०२ साल उजाडलं. फ्रान्सच्या शार्ल रिशे आणि पोर्तिए या दोघांनी कुत्र्यांना समुद्रातल्या डसणाऱ्या जिवाचं विष आधी दिलं. काही दिवसांनी पुन्हा अगदी थोडं दिलं, तर कुत्रे मेले. शरीराला सवय होण्याऐवजी ते उलट बिथरलं होतं. रिशे यांना यासाठी १९१३ साली नोबेल मिळालं. म्हणून "मला आधी तीनदा डसलीय, काही होत नाही" हे बोलणं कामाचं नाही. चौथ्या वेळी अंगभर गांधी उठतील, ओठ-जीभ सुजेल, घसा आवळेल, चक्कर येईल. तेव्हा मांत्रिक नाही, चुना नाही. १०८ ला फोन. दवाखान्यात अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं आणि ते मिनिटांत लागतं. खूप माश्या डसल्या असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात दाखवा, कारण अशा वेळी एक-दोन दिवसांनी किडनीवर परिणाम दिसतो. लघवी लाल किंवा चहासारखी झाली, कमी झाली, तर घरी थांबू नका. लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल तर थोड्या दंशांनाही दाखवा.

आग आणि औषध या दोन वाटांच्या बाजूने एक तिसरी वाट चालत आलेली आहे, आणि ती महाराष्ट्रातलीच. महाबळेश्वरला स्वातंत्र्याच्या सुमारास मधपेट्यांचं काम सुरू झालं. आज तिथे खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था सुरू झाली. पेटीत सातेरी पाळायची, न मारता मध काढायचा, जाळीची टोपी आणि हातमोजे घालायचे, हे तिथे शिकवतात. वर्ध्याच्या सेंटर ऑफ बी डेव्हलपमेंटने मध काढणाऱ्या आदिवासींना आग्याचं पोळं न जाळता फक्त मधाचा भाग कापायला शिकवलं. अळ्यांचा भाग तसाच राहतो, माश्या परत बसतात, पुन्हा मध मिळतो. पुण्याचे अमित गोडसे सॉफ्टवेअरची नोकरी करत होते. राहत्या इमारतीतलं पोळं औषध मारून संपवताना पाहिलं आणि त्यांनी पुण्याच्या त्या संस्थेत शिक्षण घेऊन बी बास्केट नावाने इमारतींवरची पोळी सुखरूप हलवायचं काम सुरू केलं. महाबळेश्वरजवळचं मांघर हे तर २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं.

इथे कुणी विचारेल, ही सगळी मधमाशीची गोष्ट, गांधीलमाशीचं काय? खरं आहे. तिला पेटीत घालून पाळत नाहीत, हलवणंही सोपं नाही. पण टोपी तीच, अंगभर पोशाख तोच, रात्रीचा वेळ तोच आणि धीर तोच लागतो.

मग आपण करायचं काय? एप्रिल-मे महिन्यात, पाऊस यायच्या आत, वळचण, पडवी, मीटरची पेटी, संडासाचं छत, टाकीखालची जागा एकदा बघून घ्या. पोळं लिंबाएवढं असतं तेव्हा तिथे एकटी राणी किंवा चार-दोन माश्या असतात. संध्याकाळी उशिरा लांब काठीने ते पाडता येतं आणि तिथे पुन्हा लागू नये म्हणून भोकं बुजवता येतात. हंड्याएवढं झालं की ते आपलं काम राहत नाही. मग आधी एकच प्रश्न: त्याच्याजवळ माणसाची ये-जा आहे का? नसेल, परसात दूर झाडावर असेल, तर म्हातारीचं उत्तरच बरोबर. राहू द्या. मुलांना दगड मारू देऊ नका, पाण्याचा पाइप मारू नका, हंगाम सरला की वस्ती मोडते. दारात, शाळेत, अंगणवाडीत, नळाजवळ असेल तर ती वाट आधी बंद करायची, फडकं बांधून खूण करायची, मग अग्निशमन केंद्राला १०१ वर किंवा ११२ वर कळवून विचारायचं. कळंबोलीत अग्निशमन केंद्र आहे. जंगलाच्या कडेला असाल तर वनखात्याचा हॅलो फॉरेस्ट १९२६ हा नंबर आहे. माश्या उठल्याच तर हात हलवत उभं राहायचं नाही. पदराने तोंड, डोळे, मान झाकून सरळ पळायचं आणि बंद खोलीत जायचं.

यानंतरही शेवटी बऱ्याचदा वाडीवरच्या भाऊलाच हाक जाते. तो लुंगी आणि बनियनवर येतो. आपण त्याला शंभर रुपये देतो आणि वर म्हणतो, "त्याला सवय आहे." रिशेच्या कुत्र्यांची गोष्ट आत्ताच ऐकलीत, सवय म्हणजे काय ते. जंगलाचा कायदा करणाऱ्यांनी त्याची विद्या गुन्हा ठरवली आणि आपण ती शंभर रुपयांची केली. यात आम्हाला फार फरक दिसत नाही. सोसायटीत पेस्ट कंट्रोलचा माणूस आला तर त्याचं दोन-तीन हजारांचं बिल निमूट देतात, ते मात्र घासाघीस न करता.

म्हणून आमच्या गटांनी मागच्या वर्षी एक ठराव केला. गटांच्या निधीतून मधमाशीवाले घालतात तसे दोन पोशाख, जाळीच्या टोप्या आणि जाड हातमोजे घेतले. ते गटाच्या पेटीत राहतात. जो पोळं काढायला येईल त्याने ते घातल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, मग तो कितीही नको म्हणो. त्याच्याबरोबर दुसरा माणूस खाली उभा राहील, रिक्षा तयार राहील. पैसे आधी ठरवायचे आणि ते ज्या घराचं पोळं त्यांनी एकट्याने न देता खालून ये-जा करणाऱ्या सगळ्या घरांनी वाटून द्यायचे. या शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त भांडण झालं. "पोळं तिच्या घराला, आम्ही का द्यायचे?" असं चार जणी म्हणाल्या. मग एकीने विचारलं, गेल्या वर्षी ज्यांना डसल्या त्यांच्यात त्या घरातली किती होती? कुणीच नव्हतं. सगळी येणारी-जाणारी. तिथे भांडण मिटलं.

त्यानंतर अंगणवाडीच्या मागे जांभळाच्या खालच्या फांदीला लागलेलं एक पोळं काढलं. वाडीवरचे एक काका आले. पोशाख घालायला लाजत होते, बायकांनी बळेच घातला. त्यांनी गोणपाटाची दुहेरी पिशवी आणि दोरी मागितली, विजेरीच्या काचेवर लाल कागद बांधून घेतला, कारण लाल उजेड माश्यांना नीट दिसत नाही. तास-दीड तास काळोख पडू दिला. मग आम्हाला हलक्या आवाजात म्हणाले, पैशाचं नंतर बघू, आधी आजूबाजूच्या सगळ्या घरांतले दिवे घालवा आणि खिडक्या लावून घ्या. टीव्हीवर मालिका चालू होत्या. तरी सगळ्यांनी दिवे घालवले.